एका आडनावाचा प्रवास

आडनाव ही मनुष्यास जन्मतःच मिळणारी मिळकत होय. ती कोणी कमावली, कोठे कमावली आणि कोणत्या वाटेने ती आपल्यापर्यंत आली, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. युरोप-अमेरिकेत हा अनेकांच्या आवडीचा अभ्यास आहे. 'आयझेनहाउअर' या जर्मन आडनावाचे एक कुटुंब इ. स. १७४१ मध्ये समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियात उतरले. इंग्रजी मुलखात नावाचे स्पेलिंग बदलले, उच्चारही बदलला, आणि त्याच वंशातील आयझेनहॉवर १९५३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. अशीच शोधयात्रा आपल्या जवळच्या एका आडनावाची करता येईल. ते आडनाव म्हणजे गायकवाड.

या नावाविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. नंदाजी नावाचे एक पुरुष मावळातील एका किल्ल्यावर अधिकारी होते. कत्तलीसाठी हाकून नेल्या जाणाऱ्या गाई त्यांनी किल्ल्याच्या लहान दरवाजाने, म्हणजेच कवाडाने, आत घेऊन वाचविल्या; तेव्हापासून घराण्यास 'गाय-कवाड' हे नाव पडले. 'कवाड' हा शब्द संस्कृत 'कपाट' यापासून आलेला असल्यामुळे ही फोड भाषेच्या दृष्टीने जुळते. परंतु कथा नावाशी इतकी चपखल बसते, तेव्हा अभ्यासकाने थोडे थांबावे. कथेवरून नाव पडले, की नावावरून कथा रचली गेली? आख्यायिकेने कुळाचा अभिमान कळतो. कुळाचा इतिहास कळण्यास स्थळ, काळ आणि कागद यांची साक्ष हवी.

ती साक्ष आपणास पुणे जिल्ह्यातील दावडी या गावी नेते. बडोद्याच्या गायकवाडांचे हे मूळ गाव. तेथील दामाजीराव हे सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या सैन्यात होते. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्यांनी पराक्रम गाजविला आणि शाहू महाराजांनी त्यांस 'समशेर बहादूर' हा किताब दिला. त्यांचे पुतणे पिलाजीराव यांनी १७१९ मध्येच सोनगड हस्तगत केले होते. सोनगड म्हणजे सुरतेहून पूर्वेस, आज तापी जिल्ह्यात असलेला डोंगरी किल्ला. पुण्याकडून निघालेले हे आडनाव गुजरातेत स्थिरावले ते प्रथम येथे, आपल्या बमरोलीपासून फार दूर नसलेल्या मुलखात. पिलाजीरावांचा १७३२ मध्ये डाकोर येथे खून झाला. त्यांचे पुत्र दुसरे दामाजीराव यांनी १७३४ मध्ये बडोदे घेतले. पुढे 'गायकवाड' हे केवळ आडनाव न राहता बडोद्याच्या राजाची पदवीच बनले. इंग्रजी कागदांत ते 'गायकवार', 'गुईकोवार' अशा नाना रूपांनी आढळते. हे स्पेलिंगचे फरक पाहून ही निरनिराळी घराणी आहेत असे मानणे चुकीचे ठरेल.

या घराण्याची एक शाखा नाशिक जिल्ह्यातील कौळाणे या गावी शेती करून राहत होती. १८७५ मध्ये मल्हारराव महाराजांस पदच्युत केल्यावर महाराणी जमनाबाईंनी याच गावातील गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. ही शाखा पिलाजीरावांच्याच वंशातील असल्याचे इंग्रज सरकारने मान्य केले होते, म्हणूनच हे घडू शकले. शेतकऱ्याचा तो मुलगा म्हणजेच सयाजीराव महाराज. जपून ठेवलेल्या वंशावळीचे मोल किती, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

मात्र आडनाव एक म्हणजे रक्त एक, असे समजू नये. जर्मनीत 'म्युलर', म्हणजे गिरणीवाला, हे अत्यंत प्रचलित आडनाव आहे. गावोगावी पिठाची गिरणी होती, म्हणून गावोगावी म्युलर झाले. ते सारे एकमेकांचे नातलग नव्हेत. आपल्याकडे 'पाटील' या नावाचे तेच आहे. ते वतनाचे नाव असल्यामुळे अनेक जातींत व असंख्य घरांत आढळते. गायकवाड हे आडनावही अनेक समाजांत आहे. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात डॉ. आंबेडकरांच्या खांद्याशी खांदा लावून लढलेले दादासाहेब गायकवाड नाशिक जिल्ह्यातीलच होते. दक्षिणेत चित्रपटसृष्टी गाजविणारे रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. त्यांचा जन्म १९५० मध्ये बंगळूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. त्यांच्या नावापुढे राजपद नव्हते म्हणून त्यांचे गायकवाडपण तिळभरही उणे ठरत नाही.

आता आपल्याकडे वळू. तलवारीच्या बळावर तापीच्या खोऱ्यात आलेल्या मराठी घराण्यांची नोंद इतिहासाने ठेवली. यंत्रमागाच्या बळावर आलेल्यांची नोंद कोण ठेवणार? धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून पोटासाठी उधना, पांडेसरा व बमरोली येथे आलेल्या कुटुंबांचा प्रवास बखरीत लिहिलेला नाही. तो आजोबांच्या बोलण्यात आहे, आजीच्या अहिराणी ओव्यांत आहे, कुलदैवताच्या नावात आहे, शाळेच्या जुन्या दाखल्यावर आहे. गुजरातेत कागदोपत्री वडिलांच्या नावास 'भाई' जोडले जाते, आडनाव गुजराती लिपीत लिहिले जाते. दोन पिढ्यांनी मूळ गावाचे नाव सांगणारे माणूस घरात उरले नाही, तर मागे केवळ आडनाव राहील, त्याची वाट पुसली जाईल.

म्हणून या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. तीत मूळ गाव, तालुका, कुलदैवत, घरातील पहिला माणूस सुरतेस कोणत्या वर्षी आला व कोणत्या कामास लागला, ही माहिती लिहून काढावी. जे ऐकले ते 'ऐकले' म्हणून आणि जे कागदावर पाहिले ते 'पाहिले' म्हणून निरनिराळे नोंदवावे. आजी व आई यांची माहेरची आडनावे विसरू नयेत. वंशावळीत स्त्रियांची नावे गळतात आणि अर्धे कूळ त्यांच्यासह हरवते. या वहीने कोणास सिंहासन मिळणार नाही. परंतु आपण कोठून आलो, हे पुढील पिढीस सांगता येईल, आणि तेही काही थोडे नव्हे.