नव्या ट्रॅक्टरची पहिली देखभाल आणि ‘ऑईल’ हा शब्द

यंत्राबरोबर येणारी सूचनापुस्तिका हा आपल्याकडील भाषाभ्यासकांनी सहसा उपेक्षिलेला गद्यप्रकार होय. वस्तुतः एका शब्दाची संदिग्धता जितके प्रत्यक्ष नुकसान येथे करते, तितके ती अन्यत्र क्वचितच करीत असेल. नव्या ट्रॅक्टरची पहिली देखभाल हे याचे बोलके उदाहरण आहे.

ही ‘पहिली सर्व्हिसिंग’ अनेक उत्पादक सुमारे ५० तासांनंतर करावयास सांगतात. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून नीट बसावयाची असतात. त्या घर्षणात सुटणारे धातूचे सूक्ष्म कण ऑईलमध्ये उतरतात. फिल्टर त्यांतील बरेच अडवितो, सर्व नव्हे. म्हणून ऑईल फिल्टरसह बदलावयाचे. इंजिन गरम असताना ऑईल पातळ असते व कण तरंगत असतात, तेव्हाच ते काढणे इष्ट. सैल झालेले नटबोल्ट आवळणे हेही याच वेळचे काम.

येथील ‘तास’ हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. यांत्रिक तासमापक वास्तविक इंजिनाच्या फेऱ्या मोजतो. नेमून दिलेल्या वेगाच्या निम्म्या वेगाने इंजिन चालल्यास घड्याळाच्या दोन तासांत मापकावर एकच तास उमटतो. पुस्तिकेला अभिप्रेत असलेला तास तो मापकावरचा.

आता ‘ऑईल’कडे वळू. मराठीत ‘तेल’ हा शब्द स्वयंपाकघर व दिवा यांच्याशी, तर ‘वंगण’ हा बैलगाडीच्या आसाशी निगडित होता. इंग्रजीतील व्यापक अर्थाचा ‘ऑईल’ हा शब्द मराठीत आला तो अर्थसंकोच होऊन. तो केवळ यंत्रापुरता राहिला. त्याचे पोटभेद आपण षष्ठी विभक्तीने करतो: इंजिनाचे ऑईल, गिअरचे ऑईल, हायड्रॉलिकचे ऑईल. ही षष्ठी स्थान दाखविते. ऐकणारा मात्र तीवरून प्रकार समजतो.

यंत्रातील व्यवस्था या नावांप्रमाणे चालत नाही. ऑईल-बाथ पद्धतीच्या एअर क्लीनरमध्ये बहुधा इंजिनाचेच ऑईल घालतात. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे ऑईल एकच असते. नावे मात्र दोन. याउलट ‘ब्रेक ऑईल’ पाहावे. द्रवदाबावर चालणाऱ्या ब्रेकांतील हा द्रव सामान्यतः ग्लायकॉलयुक्त असतो, खनिज तेल नव्हे. ‘ऑईल ते ऑईल’ म्हणून अशा ब्रेकांत इंजिनाचे ऑईल ओतल्यास रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. येथे प्रश्न पैशाचा उरत नाही, चालकाच्या जिवाचा होतो.

क्रियापदाचीही अशीच अडचण आहे. ‘ऑईल पाहून घ्यावे’ या वाक्यात पातळी तपासावयाची की ऑईल बदलावयाचे, हे स्पष्ट होत नाही. पातळी तपासणे म्हणजे ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद करून, ऑईल खाली उतरू देऊन डिपस्टिक पाहणे. बदलणे ही सर्वस्वी वेगळी क्रिया.

तेव्हा मराठी सूचनावाक्यात पाच गोष्टी स्वतंत्रपणे याव्यात: जागा, ऑईलची प्रत, परिमाण, मापकावरील तास आणि निःसंदिग्ध क्रियापद. ‘ऑईल’ऐवजी नवा संस्कृत शब्द घडविल्याने हे साधणार नाही. शेतकरी व मिस्त्री यांच्या तोंडी रुळलेला शब्द कायम ठेवून त्याला नेमके विशेषण जोडणे, हेच परिभाषाकाराचे येथील कार्य होय.