मांजराचे पिल्लू घरी रुळवणे

मांजराचे पिल्लू घरी रुळवणे म्हणजे आईपासून विलग झालेल्या पिल्लास नव्या घरातील जागा, माणसे व दिनक्रम यांची सुरक्षितपणे सवय लावणे होय. पिल्लू किमान ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ असावे. दात व नखे आवरून खेळण्याचे धडे ते आई व भावंडांकडूनच घेते.

निवारा

प्रारंभी पिल्लास संपूर्ण घर मोकळे न देता एका शांत खोलीत ठेवावे. तेथे मऊ अंथरूण, पाणी, लपण्यासाठी खोके आणि अन्नापासून दूर वाळूचे पसरट भांडे असावे. लपलेल्या पिल्लास ओढून बाहेर काढू नये. ते आपणहून जवळ येते. घरातील अन्य प्राण्यांशी ओळख टप्प्याटप्प्याने करून द्यावी.

आहार

महाराष्ट्रात पिल्लास दूधभात घालण्याची प्रथा आहे. मात्र मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. त्यास आवश्यक असलेले टॉरिन हे द्रव्य प्राणिज अन्नातूनच मिळते. त्याच्या दीर्घकालीन अभावाने दृष्टी जाते व हृदय दुर्बल होते. गाईच्या दुधातील शर्करा अनेक मांजरांना पचत नाही. परिणामी अतिसार होऊन लहान पिल्लू दगावू शकते. म्हणून पिल्लांसाठी तयार केलेला संतुलित आहार मुख्य असावा. जोडीला काटे काढलेली शिजवलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस द्यावे.

कोकणातील दक्षता

चिपळूण तालुक्यातील अलोरे परिसरासारख्या डोंगराळ, अतिवृष्टीच्या प्रदेशात घराभोवती झाडी असते. साप, भटके कुत्रे व बिबट्या यांच्यापासून धोका असल्याने पिल्लास रात्री घरात ठेवावे. विहिरीवर जाळी असावी. उबेसाठी पिल्ले चुलीच्या वैलावर किंवा वाहनाच्या इंजिनाजवळ शिरतात. चूल पेटवण्यापूर्वी व वाहन सुरू करण्यापूर्वी पाहून घ्यावे. माणसांसाठीचे पॅरासिटामॉल मांजरास प्राणघातक ठरते.

आरोग्य

पशुवैद्यकाकडून जंतनाशक द्यावे. संसर्गजन्य रोगांवरील लसीकरण ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते. रेबीजची लस साधारणतः ३ महिन्यांनंतर देतात. मांजराच्या चाव्यातून व ओरखड्यातूनही रेबीज होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. त्यामुळे जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालयात जावे; जखम लहान आहे म्हणून टाळाटाळ करू नये.