पटावर नाव नसलेल्या मुलाचा खर्च

सोनईत ‘शाळाबाह्य मूल’ म्हटले की मुळा कारखान्याच्या उसामागे आलेल्या कोयत्याच्या बिऱ्हाडातले मूल डोळ्यांपुढे येते. आईवडिलांनी विचार करून घरीच शिकवायला ठेवलेले मूलही सरकारी नोंदीत याच शब्दाखाली येते. पहिल्यासाठी निदान शिक्षण हमी पत्र असते, ते दाखवून दुसऱ्या गावच्या शाळेत बसता येते. दुसऱ्यासाठी वेगळा रकानाच नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले, पण न घालणाऱ्या पालकाला दंड सांगितला नाही. घरशिक्षण या फटीत उभे आहे. पैशाच्या बाबतीत मात्र ही फट बंद आहे. मोफत पुस्तके, गणवेश, पोषण आहार हे सारे शाळेच्या पटावरून मिळते. २५ टक्के राखीव जागांचा परतावा सरकार शाळेला देते, पालकाला नाही. आठवीतल्या परीक्षेवरून मिळणारी वर्षाला १२,००० रुपयांची केंद्रीय शिष्यवृत्ती सरकारी वा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीतली शिकवणी शुल्काची सवलतसुद्धा शाळा-कॉलेजच्या पावतीवरच मिळते, घरी येणाऱ्या शिक्षकाच्या मानधनावर नाही. पटाशी संबंध नसलेली ठळक सोय म्हणजे सुकन्या समृद्धी खाते, पण ती मदत नव्हे, आपलीच बचत.

पुस्तकांचा खर्च फारसा नाही. बालभारती आणि एनसीईआरटी या दोघांचीही पुस्तके संगणकावर फुकट उतरवून घेता येतात. खरा खर्च घरी थांबणाऱ्या माणसाच्या बुडालेल्या कमाईचा. शहरातल्या घरशिक्षणाच्या कौतुकात हा आकडा सहसा कुणी मांडत नाही.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना आवडीइतकाच कागदाचा विचार करावा लागतो. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म. त्याला किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचा शाळेचा दाखला लागतो, तेव्हा पहिलीपासून घरी ठेवलेल्या मुलाची तिथेच अडचण होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, याबाबत सैल आहे. १४ वर्षे पूर्ण झालेल्याला माध्यमिकला नाव घालता येते, पाच विषय निवडता येतात, मराठी माध्यम आहे, आणि पाच वर्षांत नऊ संधींमध्ये विषय सुटे सुटे सोडवता येतात. मुलींना शुल्क कमी आहे, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना आणखी कमी. सोनईतल्या मध्यम घराला परवडेल असा हाच रस्ता मला दिसतो. केंब्रिजची परीक्षा केंद्रे मोठ्या शहरांत, शुल्कही जड.

मुंबईच्या मालविका जोशीला २०१६ मध्ये दहावी-बारावीविना एमआयटीत प्रवेश मिळाला, हे उदाहरण हमखास दिले जाते. तिच्यामागे आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिम्पियाडची तीन पदके होती, हे सांगायचे राहते. दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने आयआयटीचे दार तिला बंदच होते.

परत शाळेत यायचे झाले तर कायद्याचे चौथे कलम उपयोगी पडते. मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते, मागे पडलेला अभ्यास भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यावे लागते, आणि असे दाखल झालेल्याला चौदा उलटल्यावरही आठवीपर्यंत मोफत शिकता येते. मात्र दाखल व्हायचे ते चौदाच्या आत. त्यामुळे घरी शिकवणाऱ्यांनी दहावीचे मंडळ मुलाच्या तेराव्या वर्षीच ठरवून टाकावे.