गावात दिवसा दार लावायचे नसते

मुंब्र्याचे घर सोडून आम्ही खेड्यात राहायला जाणार हे कळल्यावर ओळखीचे सगळेच म्हणाले, "मजा आहे तुमची! ताजी हवा, ताजे दूध, निवांत जगणे." आम्हालाही तसेच वाटत होते. लोकलची गर्दी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या यांना आम्ही कंटाळलो होतो. बीडला अम्मी-अब्बा थकले होते. म्हणून आंतरजिल्हा बदली मागितली, ती मिळाली आणि जून 2018 मध्ये आम्ही दोघे, मुलगी व मुलगा असे चौघे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी दाखल झालो. जिल्हा परिषदेची उर्दू शाळा तिथलीच. बीडपासून एसटीने दीड तास लागायचा, त्यामुळे गावातच बिऱ्हाड केले.

पहिल्या आठवड्यातच आम्ही बेजार झालो. पगार किती, भाडे किती ठरले, आज कालवण कशाचे, मुंबईचे घर विकले की ठेवले, असे प्रश्न येता-जाता कोणीही विचारी. मुंब्र्यात दहा वर्षांत समोरच्या बिऱ्हाडाने आम्हाला इतके विचारले नव्हते. वर्गात आमची मुंबईची उर्दू ऐकून मुले तोंडावर हात ठेवून हसत, कारण त्यांची घरची बोली दखनी आणि बाजारची मराठी. शेवटी आम्ही शहरातला उपाय केला. शाळेतून आल्यावर दार आतून लावून घेऊ लागलो.

तिसऱ्या दिवशी कडी वाजली. उजव्या हाताच्या घरातील मावशी दारात उभ्या होत्या. मागे डाव्या हाताच्या घरातील खाला. मावशींनी काळजीने विचारले, "कामून दार लावलं? कोन दुखन्याला हाय का?" भरदिवसा दार बंद म्हणजे घरात आजारपण नाही तर भांडण, असाच त्या गल्लीचा अर्थ होता. आम्ही ओशाळून दार उघडले, पण मनातून नाही.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. ज्वारी, कापूस, तूर काहीच धड हाती लागले नाही. दिवाळीच्या सुमारास गावातील कितीतरी जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघाली. तिथे नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराच्या नावाने मोजायचे! आमच्या वर्गातील पाच मुलेही आई-बापांबरोबर साखर कारखान्यांच्या फडावर गेली. हजेरी घेताना त्यांची नावे आली की क्षणभर थांबायला होई.

2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले, ती बातमी आम्ही मुंब्र्यात चहा पिता पिता टीव्हीवर पाहिली होती. आता 2019 चा उन्हाळा आमच्याच दारात आला. टँकर येई, पाणी विहिरीत सोडी आणि बायका दोर-बादल्या घेऊन काठावर दाटी करत. रमजान मे महिन्यात आला होता. मस्जिदीच्या बोअरला जेमतेम पाणी होते. तरी असरनंतर काही वेळ नळी बाहेर काढून ठेवत. त्या रांगेत खाला असत, तशाच मावशीही.

आम्ही मात्र रांगेत नव्हतो. हजार लिटरची प्लास्टिकची टाकी आणून खासगी टँकरचे पाणी विकत घेत होतो. पैसे आपले, पाणी आपले! ईदच्या आधी एका सकाळी अंगणातली फरशी धुतली, मोटारसायकलवर दोन बादल्या ओतल्या. थोड्या वेळाने बाहेर डोकावलो तर मावशी नालीच्या तोंडाशी घमेले लावून बसलेल्या. आम्हाला पाहून त्याच संकोचल्या. म्हणाल्या, "वाया चाललं व्हतं, म्हनून धरलं. शेवग्याच्या झाडाला व्हईल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. वुजू करतानाही पाणी उधळू नये, हे आम्ही वर्गात किती वेळा शिकवले असेल! त्या दिवसापासून टँकर आला की आधी मावशी आणि खाला यांचे हंडे भरायचे, असे घरात ठरले. बदल्यात त्या दोघींनी आम्हाला पाणी वापरायला शिकवले. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी शेळीला, भांडी राखेने घासायची, आंघोळ परातीत बसून आणि ते पाणी झाडाला.

जुलैमध्ये पहिले गढूळ पाणी विहिरीत उतरले आणि गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. एका रात्री अकराच्या सुमारास आमच्या मुलाचे डोळे खोल गेले. उपकेंद्राला कुलूप होते. आम्ही कोणाला हाक मारावी हे ठरवण्याआधीच गल्लीत कंदील आणि मोबाइलचे उजेड दिसू लागले. एका शेतकऱ्याने जीप काढली. मुलीला खालांनी आपल्याकडे नेले. तालुक्याच्या रुग्णालयात सलाईन लागले आणि पहाटे मूल बोलले. परतलो तेव्हा आमच्या अंगणात सडा पडलेला होता आणि चुलीवर चहा उकळत होता. कोणाला सांगावे लागले नव्हते. ज्यांना आमचा पगार ठाऊक होता, त्यांनाच आमच्या घरातला दिवा अवेळी लागलेला कळला होता.

गाव म्हणजे स्वर्ग, असे आम्ही म्हणणार नाही. रात्री डॉक्टर नाही, हे सुखाचे नाही. मुली सातवीनंतर घरी बसतात, याचे दुःख आजही आहे. आमच्या मुलीने सायकल चालवली तर चार दिवस चर्चा झाली आणि तिने त्यावर अश्रू गाळले. जे डोळे सांभाळतात तेच डोळे टोचतातही. तिच्या अकरावीसाठी आम्ही बीड शहरात राहायला आलो, त्याचा पश्चात्ताप नाही.

पण इथे इमारतीत सगळी दारे बंद असतात. आम्ही मात्र संध्याकाळी आमचे दार उघडे ठेवतो. परवा समोरच्या ताई बाजारातून येताना थबकल्या आणि काळजीने विचारले, "अहो, दार उघडेच राहिले का तुमचे?"

आम्ही म्हटले, "राहिले नाही, ठेवले आहे. या ना आत, चहा टाकलाच आहे."