खांद्याची चाकोरी

ज्याचा दिवस शेतांत जातो त्यास निराळ्या व्यायामाची गरज काय, असें आमचे पुष्कळ वाचकबंधु म्हणतात. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. शेतकामानें बळ येतें. पण सांधा सर्व बाजूंनीं फिरता राहतो असें नाहीं. विळा नेहमीं उजव्या हातांत, ताटांची मूठ डाव्या हातांत. नांगराची रुमणी एका हातीं, आसूड दुसऱ्या हातीं. फवारणीचा पंप पाठीवर चढला कीं एक हात दांडा मारतो व दुसरा नळी धरून असतो. प्रत्येक खांदा वर्षानुवर्षें आपल्याच चाकोरींत फिरतो, आणि जिकडे फिरत नाहीं तिकडे आखडतो. लेखणीवर जन्म काढणाऱ्या आम्हां कारकुनांची गत तर याहून वाईट. आमचा खांदा फिरतच नाहीं.

हा सांधा उखळीचा खरा, पण त्याची उखळ फार उथळ. बशींत चेंडू ठेवावा तशी. म्हणूनच तो शरीरांतील सर्वांत फिरता सांधा आहे, व त्याची भिस्त हाडांपेक्षां स्नायूंवर अधिक. चाळीस ते साठ या वयांत, विशेषतः मधुमेह असलेल्यांत, तो आखडून बसण्याचा विकार अधिक आढळतो. १९३४ सालीं बॉस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनीं त्यास 'गोठलेला खांदा' असें नांव दिलें. सदरा चढवितां येत नाहीं, त्या कुशीवर निजतां येत नाहीं, आणि दुखणें वर्ष-दोन वर्षें रेंगाळतें. ऐन सुगींत हात गेला म्हणजे मजूर लावणें आलें! पुष्कळ लोक हात गळ्यांत बांधून स्वस्थ बसतात. तेणेंकरून सांधा अधिकच धरतो.

दोन्ही हात बरोबर उचलले म्हणजे कंबर मागें झुकते व आखडलेल्या खांद्याची उणीव झांकली जाते. म्हणून दोन हातांस दोन निरनिराळ्या हालचाली द्याव्या. प्रथम परीक्षा: एक हात खांद्यावरून व दुसरा कमरेकडून पाठीमागें न्यावा आणि बोटें किती जवळ येतात तें पाहावें, मग हात बदलावे. ज्या बाजूस अंतर अधिक पडेल तिकडे लक्ष द्यावें. अंतर फार असल्यास दोन्ही हातांत पंचा धरावा. वरच्या हातानें तो हळूहळू ओढला कीं खालचा हात वर सरकतो. दुसरा प्रकार, एक हात पुढें व एक मागें असे झुलवावे; तें साधल्यावर एका हातानें पुढें व दुसऱ्यानें मागें चक्र काढावें. पहिले कांहीं दिवस दोन्ही हात एकाच दिशेस पळतात व घरचीं मुलें हंसतात, हंसूं द्यावें. खांदा फार दुखत असेल त्यानें बाजेच्या कडेवर बऱ्या हातानें टेकून ओणवें व्हावें आणि दुखरा हात विहिरींतल्या पोहऱ्यासारखा सैल सोडून लहान वर्तुळांत झुलूं द्यावा.

तालमींतील मुद्गलांची जोडी याच तत्त्वावर चालते: एक छातीशीं उभा, दुसरा डोक्यामागून फिरतो. गोऱ्या सैन्याच्या अधिकाऱ्यांनीं ही विद्या एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत नेली, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत तिची स्पर्धाहि झाली. आमच्या तालमींत मात्र जोड्यांवर धूळ बसलेली दिसते. नवशिक्यानें हलकी जोडी घ्यावी. वजनाची हौस येथें घातक होते.

ताण लागावा, कळ येऊं नये. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळां, सकाळीं कामास लागण्यापूर्वीं, पुरे. बैलाच्या धक्क्यानें वा झाडावरून पडून हात उचलेनासा झाला असेल, तर व्यायाम न करितां डॉक्टरांस दाखवावें. डाव्या हाताच्या कळेबरोबर छाती दाटून घाम सुटला, तर ती खांद्याची बाब न समजतां त्याच घटकेस दवाखाना गांठावा.