सेविका ते पर्यवेक्षिका : बालकल्याणातील एक स्थित्यंतर

वाराणसीच्या विणकरवस्तीत मुलांना गोळा करणारी कार्यकर्ती आपल्या केंद्राला 'आंगनबाडी' म्हणते. हा शब्द मराठीतून तिकडे गेला आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि 'अंगणवाडी' हे नाव रूढ झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ते देशभर पसरले. शब्दाच्या जोडीने आता एक अधिकारश्रेणीही होती : साधारण वीस-पंचवीस केंद्रांवर एक पर्यवेक्षिका. उत्तर प्रदेशात तिचे पदनाम 'मुख्य सेविका' असे आहे. विहित अटी पुऱ्या करणाऱ्या कार्यकर्तीलाही या पदापर्यंत चढता येते.

हे पदनाम काहीसे फसवे आहे. मुख्य सेविका म्हणजे थोडी मोठी सेविका, असा त्याचा ध्वनी. वस्तुतः येथे कामाचा विषयच पालटतो. सेविकेसमोर मूल असते, पर्यवेक्षिकेसमोर मुलाविषयीचे कथन. ते कधी नोंदवहीत असते, कधी सेविकेच्या तोंडी, आणि पुष्कळदा दोहोंत मेळ नसतो. साहित्याच्या अभ्यासकास ही अवस्था अपरिचित वाटू नये.

'अनुपस्थित' ही एका शब्दाची नोंद घ्या. मूल आजारी असेल. कुटुंब वीटभट्टीवर गेले असेल. किंवा थोरली बहीण मागावर बसू लागल्याने धाकट्याला आणणारे कोणी उरले नसेल. जिने स्वतः वर्षानुवर्षे दारोदार हिंडून मुले आणली तिला या शक्यता चटकन सुचतात. मोहही तिलाच अधिक : उठून त्या घरी जावे आणि मुलाला घेऊन यावे. तसे केले तर मूल एक दिवस येते, सेविका मात्र काही शिकत नाही. उलट केवळ रकाना तपासून सही केली, तर मूलही येत नाही. या दोहोंमध्ये सेविकेलाच प्रश्न विचारून तिच्याकडून उत्तर काढणे, हे पर्यवेक्षण होय. त्यात काल शेजारी बसून खिचडी वाटणारी आज नोंदवही उघडायला सांगते, हा संकोच दोन्ही बाजूंना असतोच.

अमेरिकन अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक व आधार देणारी अशी तीन अंगे मानली. आपल्याकडे पहिल्याच अंगाचा बडेजाव फार. काशी विद्यापीठात समाजकार्याचे शिक्षण १९४७ मध्येच सुरू झाले. विद्यार्थ्याने क्षेत्रकार्याची नोंद लिहावी आणि मार्गदर्शकाने ती त्याच्यासमवेत वाचावी, ही या शिक्षणाची मान्य रीत आहे. बालविकासाच्या रोजच्या कारभारात मात्र नोंद तपासली जाते, वाचली जात नाही.

नोंद वाचणे म्हणजे काय, याचे मराठीतील उदाहरण कोसबाडचे. अनुताई वाघ (१९१०–१९९२) १९४५ पासून ताराबाईंच्या सहकारी होत्या. ताराबाईंच्या निधनानंतर संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे त्यांचे पुस्तक सहसा आदिवासी शिक्षणाची हकिगत म्हणून वाचले जाते. शिकवणारी व्यक्ती शिकवणाऱ्यांना घडवू लागते तेव्हाची दृष्टी म्हणूनही ते वाचण्याजोगे आहे. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येत नव्हती. मुलांना वा शिक्षकांना बोल न लावता तेथे कुरणशाळा काढण्यात आली, आणि शिक्षक गुरांमागोमाग कुरणात गेले. अंगणवाडीचा जन्मही अशाच एका अनुपस्थितीतून झाला होता.

२०२१ पासून अंगणवाड्यांच्या नोंदी 'पोषण ट्रॅकर' या मोबाईल-ॲपवर होऊ लागल्या. वजन, उंची व उपस्थिती पर्यवेक्षिकेला बसल्या जागी दिसू लागली, ही सोय थोडी नव्हे. मागावर बसलेली बहीण मात्र त्या आकड्यांत मावत नाही. तिच्याविषयी केंद्रात बसून विचारावे लागते. आणि पंचवीस केंद्रांच्या फेरीत एका केंद्राच्या वाट्याला महिन्याकाठी जेमतेम एक दिवस येतो.