समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना



यंदाच्या कार्यक्रमाचा निधी मानसिक आरोग्याच्या कामाला जाणार आहे, म्हणून समितीने मला या विषयावर लिहायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला. पण २३ एप्रिल २०२१ ला ब्रिटन सरकारने भारताला रेड लिस्टवर टाकलं आणि त्यानंतर तीनच आठवड्यांनी माझे बाबा गेले. त्यांचे अंत्यविधी मी कार्डिफमध्ये लॅपटॉपवर पाहिले. पुढे काही महिने झोप उडाली, तेव्हा एका खासगी समुपदेशकाकडे जायला लागलो. तेव्हापासून मंडळातली कुणी ना कुणी बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तिथे नक्की काय होतं रे?" त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

गोंधळ आपल्या शब्दापासूनच सुरू होतो. समुपदेशन म्हटलं की त्यात 'उपदेश' आलाच! आपली अपेक्षा असते की आपण अडचण सांगायची आणि समोरच्याने उपाय सांगायचा. इथे तसं होत नाही. "मी भारतात परत जाऊ का?" असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, उलट प्रश्नच येईल. पहिल्या दोन-तीन वेळा याचा रागही येतो. पैसे मोजून आपणच बोलायचं, हा काय प्रकार? पण सल्ला देणारे काका-मावशी आपल्याकडे भरपूर असतात. मध्ये न बोलता ऐकणारं माणूस मात्र क्वचितच मिळतं.

पहिली भेट बरीचशी कागदोपत्री असते. भेट साधारण पन्नास मिनिटांची आणि बहुधा आठवड्यातून एकदा. फी किती, भेट रद्द करायची तर किती तास आधी कळवायचं (बरेच जण २४ किंवा ४८ तास म्हणतात, नाहीतर पूर्ण पैसे), गुप्ततेचे नियम काय, हे सगळं सांगून करारावर सही घेतात. काही जण प्रश्नावली भरून घेतात. त्यातली एक पीएचक्यू-९. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. आमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींना आकडा दिसला की बरं वाटतं, पण ते निदान नव्हे, नुसती मोजपट्टी. बाहेर पडताना हलकं वाटेलच असं नाही. कित्येकदा दमायला होतं. म्हणून लगेच नंतरची ऑफिसची मीटिंग ठेवू नका.

गुप्ततेची भीती सगळ्यात मोठी. तुम्ही जे बोलाल ते नवऱ्याला, बायकोला, ऑफिसला कळवलं जात नाही. खासगी समुपदेशकाची नोंद एनएचएसच्या फाइलीत आपोआप जात नाही. अपवाद असतात, उदाहरणार्थ तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल किंवा लहान मुलाला इजा होत असेल. ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात, सांगितले नाहीत तर विचारा. रोथ पार्कमध्ये तळ्याकाठी सहकुटुंब फिरताना तुमचे समुपदेशक समोर आले, तर बहुतेक जण मुद्दाम आपणहून ओळख दाखवत नाहीत. शिष्ट आहेत म्हणून नव्हे, तुमच्यासाठी.

आता निवड. या देशात 'कौन्सेलर' किंवा 'सायकोथेरपिस्ट' या पदव्यांना कायद्याचं संरक्षण नाही. उद्या मीही दारावर पाटी लावू शकतो! म्हणून बीएसीपी किंवा यूकेसीपी यांच्या रजिस्टरवर नाव आहे का, ते त्यांच्या वेबसाइटवर पाहून घ्या. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही पदवी मात्र संरक्षित आहे, ती एचसीपीसीच्या रजिस्टरवर तपासता येते. औषध लिहून देणं हे समुपदेशकाचं काम नाही, त्यासाठी जीपीच. फी साधारण ४० ते ८० पौंड, कधी जास्तही. परवडत नसेल तर सवलतीचा दर आहे का हे विचारायला लाजू नका, अनेकांकडे असतो. आणि आधी आपल्या कंपनीत चौकशी करा, बऱ्याच कंपन्या काही भेटींचा खर्च स्वतः करतात. इंग्लंडमधले मित्र सांगतात की एनएचएसच्या थेरपीसाठी स्वतःच नाव नोंदवता येतं. वेल्समधली व्यवस्था वेगळी आहे, इथे नेहमीचा रस्ता जीपीकडूनच जातो.

भाषेचं काय? माझ्या समुपदेशक बाई वेल्श. मोठ्या मुलाने अग्नी देणं म्हणजे काय, तेरावा म्हणजे काय, हे समजावण्यात एक अख्खी भेट गेली. वाया गेली असं तेव्हा वाटलं, पण समजावता समजावताच मला नक्की काय टोचतंय ते माझ्या तोंडून बाहेर आलं. तरी 'घुसमट' किंवा 'मन लागत नाही' याला इंग्रजीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. मराठीतूनच बोलायचं असेल तर भारतातल्या तज्ज्ञांशी ऑनलाइन बोलता येतं. घड्याळ साडेचार-साडेपाच तास पुढे असतं, आणि इथे काही तातडीचं झालं तर ते धावून येऊ शकत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. घरच्या ज्येष्ठांना विषय पटवायचा असेल तर डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएचचे मराठी व्हिडिओ दाखवा. माझी आई आधी "आपल्यात असलं नसतं" म्हणायची, आता तीच मला लिंक पाठवते.

एक सवय मात्र घरी ठेवून जा. डॉक्टर म्हणतील ती पूर्वदिशा, ही. चार-सहा भेटींनंतर काही हलत नसेल, बाईंचं किंवा बुवांचं बोलणं खटकत असेल, तर तसं तोंडावर सांगा. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसून पुढच्या भेटीला दांडी मारणं, ही आपली पद्धत. सांगितल्यावर चांगला समुपदेशक चिडत नाही, त्यावरच बोलायला लागतो. आणि तरीही जमलं नाही तर बदला. शिंपी नाही का बदलत आपण?

हे सगळं सवडीने करायचं काम झालं. रात्री-बेरात्री जीव नकोसा वाटला तर भेटीची वाट पाहू नका. वेल्समध्ये १११ फिरवून २ दाबा, चोवीस तास मानसिक आरोग्याची माणसं असतात. समॅरिटन्सचा नंबर ११६ १२३, फोन फुकट. जिवाला तत्काळ धोका असेल तर सरळ ९९९. आणि तिकडे भारतात आईबाबांपैकी कुणाला गरज पडली तर टेली-मानसचा १४४१६, मराठीतून बोलता येतं.